लोकसंवादाची अवजारे आणि शब्दाची जबाबदारी

(परभणी येथे संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि ग्रामीण भागात काम करणारे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रोहिणी सरून मृग लागले की परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याची दृष्टी दोन ठिकाणी खिळलेली असते. एक आभाळावर आणि दुसरी हातातल्या भ्रमणध्वनीवर. सेलूच्या मोंढ्यात, मानवतच्या बाजारात, गंगाखेडच्या बसस्थानकावर आणि जिंतूरच्या चहाच्या टपरीवर त्या दिवसांत एकच प्रश्न ऐकू येतो : पाऊस कधी? बियाण्याची पिशवी घरात येऊन पडलेली असते, खताची उधारी झालेली असते, काळे रान नांगरून, वखरून तयार असते. पहिल्या सरीवर चाड्यावर मूठ धरावी की थांबावे, हा निर्णय एका दिवसाचा असतो. त्याची किंमत मात्र वर्षभर मोजावी लागते. पुरेशी ओल नसताना पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर कोंब मातीतच करपतो. मग दुबार पेरणी. दुसरी पिशवी, दुसरी मजुरी आणि हातचे गेलेले दिवस. पैसा एखादे वेळी उसना मिळेल, गेलेले दिवस कोणाकडूनच उसने मिळत नाहीत.

अशा दिवशी शेतकरी कोणाचा शब्द प्रमाण मानतो आणि तो शब्द त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. लोकप्रिय व्यक्ती आणि तिचे चाहते यांच्यात संवाद घडवणारी साधने कशी घडवावीत, असा विषय उच्चारला की डोळ्यांपुढे मुंबईतील नटनट्या, क्रिकेटपटू आणि त्यांच्यासाठी ॲप तयार करणारे अभियंते येतात. ते खोटेही नाही. सचिन तेंडुलकर यांच्या चाहत्यांसाठी २०१७ मध्ये '१०० एमबी' नावाचे ॲप निघाले, ते पुण्याच्या जेटसिंथेसिस या कंपनीने तयार केले. परंतु नटाचा निरोप चाहत्याला उशिरा मिळाला म्हणून कोणाची चूल विझत नाही. परभणीत मात्र लोकप्रिय माणसाच्या एका वाक्यावर पेरणी ठरते. म्हणून या साधनांची खरी कसोटी पाहायची असेल, तर ती मुंबईपेक्षा परभणीच्या शिवारात अधिक नीट पाहता येते.

धामणगावचा आवाज

सेलू तालुक्यातील गुगळी धामणगाव हे गाव आज महाराष्ट्रभर ठाऊक आहे ते पंजाबराव डख यांच्यामुळे. हवामानाचे त्यांचे अंदाज व्हॉट्सॲपच्या गटांतून आणि यूट्यूबवरून मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र असे सर्वत्र पोहोचतात. त्यांना ऐकण्यासाठी गावोगावी शेतकरी जमतात. या लोकप्रियतेच्या बळावर २०२४ मध्ये त्यांनी परभणी मतदारसंघातून वंचित बहुजन आघाडीच्या वतीने लोकसभेची निवडणूकही लढवली. त्यात त्यांना यश आले नाही, परंतु खेड्यातला एक माणूस केवळ संवादाच्या बळावर केवढी ओळख मिळवू शकतो, हे साऱ्यांनी पाहिले. त्यांच्या अंदाजांच्या शास्त्रीय आधाराविषयी हवामानशास्त्राच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. तो वाद शास्त्रज्ञांनी आकडेवारी समोर ठेवून सोडवावा. आजचा प्रश्न वेगळा आहे : लाखो शेतकऱ्यांना हा आवाज आपला का वाटला?

याचे उत्तर शोधण्यासाठी परभणीतच असलेल्या दुसऱ्या आवाजाकडे पाहावे लागेल. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामान व पीक सल्ला देण्याची पद्धत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये 'मेघदूत' हे ॲपही आले. शास्त्र तेथे आहे, उपग्रह आहेत, पीकतज्ज्ञ आहेत. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याविना पेरणी करू नये, हा सल्ला वर्षानुवर्षे तेथूनच दिला जातो. तरीही पारावर चर्चा होते ती डखांच्या अंदाजाची.

याचे एक कारण भाषेत आहे. हवामान खाते 'तुरळक ठिकाणी पाऊस' असे म्हणते, तेव्हा त्या शब्दाला नेमका शास्त्रीय अर्थ असतो. त्या विभागातील एकूण केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्यावर पाऊस पडेल, असा तो अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे त्याहून अधिक, निम्म्यापर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊणपर्यंत. शास्त्राच्या दृष्टीने ही भाषा काटेकोर आणि प्रामाणिक आहे. परंतु सोनपेठच्या शेतकऱ्याला आपल्या शिवाराचे उत्तर हवे असते. त्याला कोणी त्याच्याच बोलीत, तारखा सांगून, जिल्ह्याचे नाव घेऊन, 'या दोन दिवसांत सोयाबीन झाकून ठेवा' असे सांगितले, की तो शब्द घरच्या माणसाचा वाटतो. विद्यापीठाचा सल्ला परिपत्रकासारखा येतो, डखांचा निरोप शेजाऱ्यासारखा येतो. ज्ञान एका दारी आणि आपलेपणा दुसऱ्या दारी, अशी ही वाटणी झाली आहे. ती मिटवणे हे केवळ शास्त्रज्ञांचे काम नाही. जे तरुण संगणकाच्या आज्ञावली लिहिणार आहेत, त्यांच्यासमोर हे काम वाढून ठेवलेले आहे.

नाममुद्रेचा धडा

लोकप्रिय व्यक्तीचा शब्द दूरवर जाऊ लागला की पहिला प्रश्न उभा राहतो तो ओळखीचा. हा शब्द खरोखर त्याच व्यक्तीचा आहे, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? हा प्रश्न महाजालाने जन्माला घातला, असे आजच्या पिढीला वाटते. परंतु गोदाकाठी तो सात शतके जुना आहे.

गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. संतांचे अभंग छापखान्याविना, कागदाविनाही मुखोद्गत होऊन गावोगाव गेले. प्रत्येक अभंगाच्या अखेरीस रचनाकाराची नाममुद्रा असते. जनाबाईंनी आपल्या मुद्रेत स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेतले. गाणारा कोणीही असो, ऐकणाऱ्याला शब्दाचा धनी कोण ते कळे. ओळख पटवण्याची ही केवढी सुटसुटीत योजना! खूण शब्दाच्या बाहेर नाही, आतच गुंफलेली. शब्द जेथे जाईल, तेथे धन्याचे नाव त्याच्यासोबत जाईल.

परंतु याच परंपरेने दुसरा धडाही दिला. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या गेल्या आणि त्या निवडून काढताना अभ्यासकांचा कस लागला. नाव सारखे असले म्हणजे रचना त्याच संताची ठरत नाही. नाममुद्रा आवश्यक आहे, पण तिच्यामागे ती पारखणारा कोणीतरी जाणता हवा. वारकरी परंपरेत फड होते, कीर्तनकारांच्या परंपरा होत्या. पाठ कोणाकडून आला हे ठाऊक असणारी माणसे होती.

आधुनिक साधनांनी हाच धडा मोठी किंमत देऊन पुन्हा गिरवला. प्रसिद्ध व्यक्तींच्या नावे खोटी खाती निघू लागली, तेव्हा २००९ मध्ये ट्विटरने पडताळलेल्या खात्याला निळी खूण देण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती खूण दरमहा पैसे भरणाऱ्या कोणालाही मिळू लागली. एली लिली या अमेरिकेतील औषध कंपनीच्या नावे कोणीतरी खाते उघडले, पैसे भरून निळी खूण मिळवली आणि इन्सुलिन आता विनामूल्य मिळेल, असे जाहीर केले. मधुमेहाच्या रुग्णांच्या आशेशी झालेला हा क्रूर खेळ होता. मूळ कंपनीला खुलासा करावा लागला आणि ती विक्रीयोजना काही काळ थांबवावी लागली. पारखणारा दूर झाला आणि केवळ मुद्रा विकायला काढली की काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

धनी नसलेला शब्द

शब्दाचा धनी खोटा असेल तर असा अनर्थ होतो. शब्दाला धनीच नसेल तर त्याहून भयंकर घडते. महाराष्ट्राने ते पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते. भिक्षेकरी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारी, देवाचे नाव घेणारी ही माणसे. ज्या समाजाला दारी आलेला डवरी गोसावी ओळखू येत होता, त्याच समाजाच्या हाती भ्रमणध्वनी आला आणि घरोघरीचे परिचित रूप परके झाले. त्या काळात समाजमाध्यमांतून फिरणाऱ्या निरोपांवर ना कोणाचे नाव होते, ना गाव, ना तारीख.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा नियम झाला. साधनाची रचना म्हणजे काय, ते येथे कळते. कोणी उपदेश केला नाही, कोणाला शिक्षा झाली नाही. केवळ बोटाला एक अडसर घातला आणि वेग कमी झाला. साधन घडवणाऱ्याच्या हाती एवढी शक्ती असते. त्याने ती आधी वापरली असती, तर कदाचित काही जीव वाचले असते, ही बोचणी प्रत्येक संगणक अभियंत्याच्या मनात राहिली पाहिजे.

हवामानाच्या अंदाजांचेही हेच आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यातील निरोप तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फिरू लागतो. लातूरसाठी सांगितलेले पाथरीत पोहोचते. निरोपातील तारीख कोणी तरी गाळतो, नाव तेवढे राहते. वाचणारा नावाकडे पाहून विश्वास ठेवतो. अंदाज देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त केला असेल, परंतु दुरुस्ती मूळ निरोपाच्या मागे धावत नाही. ती वेगळ्या वाटेने जाते आणि बहुधा पोहोचतच नाही. शब्द निघून गेला, तो मागे घेण्याची सोय साधनात नाही. ही उणीव सांगणाऱ्याचीही नाही आणि ऐकणाऱ्याचीही नाही, ती अवजाराची आहे.

कर्णा की संवाद

सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात व्हॉट्सॲपचे 'चॅनेल' सुरू झाले. नेते, अभिनेते, खेळाडू, देवस्थाने अशा साऱ्यांनी ते उघडले. सुरुवातीच्या रचनेत त्याचा एक गुण होता : अनुयायांचे भ्रमणध्वनी क्रमांक एकमेकांना दिसत नसत. परंतु संवादाच्या दृष्टीने पाहिले तर तो कर्णा होता. बोलणारा बोलणार, ऐकणारा फार तर अंगठा किंवा हसरा चेहरा दाखवणार. 'आमच्या शिवारात तुम्ही सांगितला तसा पाऊस झाला नाही', हे सांगण्याची जागा त्यात नव्हती.

यूट्यूबवर प्रतिक्रिया लिहिता येते, पण तेथे दुसरी अडचण आहे. ते साधन किती जणांनी पाहिले आणि किती वेळ पाहिले हे मोजते. उत्पन्नही त्यावरच ठरते. 'पुढील चार दिवस पावसाची शक्यता कमी, पेरणीची घाई करू नका', या वाक्यात खळबळ नाही. 'या तारखेपासून राज्यात धो धो' हे शीर्षक अधिक डोळे खेचते. सांगणारा कितीही सज्जन असला तरी साधन त्याला प्रत्येक दिवशी थोडे थोडे दुसऱ्या वाक्याकडे ओढत राहते. ही ओढ ओळखणे आणि तिच्याविरुद्ध रचना करणे, हे धर्मकार्यच आहे.

मग उत्तम रचना कोठे दिसली आहे का? दिसली आहे, आणि ती एका मराठी माणसाच्या कारकिर्दीत दिसली आहे. सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. प्रवाशांनी ट्विटरवर मंत्र्यांचे नाव घेऊन तक्रार करावी आणि पुढच्या स्थानकावर मदत उभी असावी, असे प्रसंग त्या काळात घडले. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेगावजवळ गाडीत त्रास होत असलेल्या एका महिला प्रवाशाने असा संदेश लिहिला आणि भुसावळ स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलाचे जवान तिच्या डब्यापाशी पोहोचले. लोकांना वाटे, मंत्री स्वतः वाचतात आणि उत्तर देतात. प्रत्यक्षात त्यामागे रेल्वे मंडळापासून प्रत्येक विभागापर्यंत अहोरात्र काम करणारे कक्ष होते. तक्रार वाचायची, ती कोणत्या विभागाची हे ठरवायचे, तेथील अधिकाऱ्याकडे सोपवायची आणि काम झाले की प्रवाशाला सर्वांदेखत कळवायचे, अशी साखळी होती. परभणी स्थानकावरील तक्रार दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाकडेच गेली पाहिजे, हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस साखळीत असल्यावाचून मंत्र्यांच्या लोकप्रियतेचा प्रवाशाला उपयोग नसतो.

यातून एक सूत्र हाती येते. लोकप्रिय माणूस हा दरवाजा आहे. घर त्याच्या मागे असावे लागते. घर नसेल तर दरवाजा कितीही नक्षीदार असो, आत आलेला माणूस मोकळ्या माळावर उभा राहतो.

दुसरे उदाहरण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या 'मन की बात'चे. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, विजयादशमीला, हा कार्यक्रम आकाशवाणीवर सुरू झाला. नवी साधने हाताशी असताना त्यांनी जुनी आकाशवाणी निवडली, कारण ती वाडीतांड्यावर पोहोचते. त्याच्या जोडीला नि:शुल्क दूरध्वनी क्रमांकावर आपल्या आवाजात सूचना नोंदवण्याची, पत्राची आणि ॲपची अशा परतीच्या वाटा ठेवल्या. ज्याला लिहिता येत नाही, त्यालाही बोलता येते, हे त्या रचनेने ओळखले. मार्च २०१५ मध्ये ट्विटरने 'संवाद' नावाची सेवा भारतात आणली. ती बंगळुरूच्या झिपडायल या कंपनीच्या 'मिस्ड कॉल'च्या युक्तीवर उभी होती. साध्या बटणांच्या फोनवरून एक मिस्ड कॉल दिला, की नेत्याचा संदेश लघुसंदेश म्हणून येई. महाजालाची गरज नसे, पैसाही लागत नसे. 'मिस्ड कॉल' हा भारतीय गरिबीने आणि हुशारीने मिळून लावलेला शोध आहे. अमेरिकेतील कंपनीला तो भारतात येऊन शिकावा लागला, हे येथील तरुणांनी ध्यानात ठेवावे.

नानाजींची वाट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लाखो अनुयायी असलेल्या एका माणसाने प्रत्येकाला उत्तर कसे द्यावे? यंत्राने द्यावे, असे आज अनेक जण सांगतील. लोकप्रिय माणसाच्या आवाजात, त्याच्या लकबीत उत्तरे देणारी यंत्रे निघालीही आहेत. परंतु यंत्राने नेत्याच्या आवाजात दिलेल्या आश्वासनाचे उत्तरदायित्व कोणाकडे? आवाज एकाचा, बुद्धी दुसऱ्याची आणि नुकसान तिसऱ्याचे, असा तो व्यवहार होईल.

याचे उत्तर शोधताना परभणीच्याच मातीतील एका थोर पुरुषाचे स्मरण होते. नानाजी देशमुख यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी कडोळी येथे झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. नानाजी लोकप्रिय होते, १९७७ मध्ये बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले होते, मंत्रिपद चालून आलेले असताना त्यांनी ते स्वीकारले नाही. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी सत्तेच्या राजकारणाचा त्याग केला आणि आधी गोंडा व पुढे चित्रकूट येथे ग्रामविकासाचे काम उभे केले. २७ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांचे देहावसान झाले. २०१९ मध्ये राष्ट्राने त्यांना भारतरत्न देऊन गौरवले.

चित्रकूट परिसरातील पाचशे गावांपर्यंत पोहोचण्याचा संकल्प त्यांनी केला, तेव्हा आपल्या नावाचा आणि कीर्तीचा उपयोग त्यांनी भाषणांसाठी केला नाही. त्यांनी 'समाजशिल्पी दंपती' ही योजना आखली. शिकलेले तरुण पती-पत्नी खेड्यात जाऊन राहतील, आसपासच्या काही गावांचा भार घेतील, लोकांच्या अडचणी ऐकतील आणि कृषी विज्ञान केंद्रातील ज्ञान त्यांच्या दारापर्यंत नेतील. नानाजींवरील श्रद्धेमुळे दार उघडे. आत जाऊन काम करणारे दांपत्य वेगळे असे. आणि गावाचा प्रश्न त्याच वाटेने परत वर येई. एकाच योजनेत आपलेपणा आणि ज्ञान यांची गाठ पडली होती. धामणगावचा आवाज आणि विद्यापीठाचे शास्त्र यांच्यात जी दरी दिसली, ती भरण्याची युक्ती परभणीच्या या सुपुत्राने आधीच दाखवून ठेवली आहे.

संघाच्या शाखेतील गटनायक ही योजनाही याच जातीची. मोजकी घरे एकाच्या वाट्याला. निरोप द्यायचा तो घरी जाऊन, आणि कोणी चार दिवस दिसला नाही तर चौकशीही घरी जाऊन. संख्या वाढली की गट वाढतात. एका माणसावरील घरांचा भार वाढत नाही. हजारोंच्या संघटनेत प्रत्येकाला कोणीतरी नावाने ओळखणारा असतो, तो या मोजमापामुळे.

काय घडवावे?

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या एखाद्या लोकप्रिय कीर्तनकारासाठी, खेळाडूसाठी, आमदारासाठी अथवा हवामान सांगणाऱ्यासाठी साधन तयार करील. त्याच्यासाठी पाच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली, नाममुद्रा शब्दाच्या आत असावी. निरोप कितीही ठिकाणी गेला तरी सांगणाऱ्याचे नाव, दिनांक आणि तो कोणत्या तालुक्यासाठी आहे हे त्याच्यापासून तोडता येऊ नये. मजकूर म्हणून न पाठवता, मूळ ठिकाणी नेणारा दुवा पाठवला तर हे साधते.

दुसरी, निरोपाला मुदत असावी. पाच दिवसांचा अंदाज सहाव्या दिवशी उघडला तर त्यावर 'मुदत संपली' असे ठळक दिसावे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, मग पेरणी ठरवणाऱ्या शब्दावर का नको?

तिसरी, दुरुस्ती मूळ निरोपाच्याच वाटेने जावी. ज्याने मूळ उघडला, त्याला बदल आपोआप कळावा. आणि आधी काय सांगितले होते तेही पुसले जाऊ नये. मागील अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी शेजारी मांडले तर अनुयायाला आपला विश्वास तपासून पाहता येईल. खऱ्या जाणकाराला याचे भय वाटण्याचे कारण नाही.

चौथी, परतीची वाट असावी आणि ती आवाजाची असावी. मराठवाड्याच्या बोलीत बोललेला प्रश्न नोंदला जावा, सारखे प्रश्न एकत्र यावेत, पिकाचा प्रश्न कृषी विद्यापीठाकडे, विम्याचा प्रश्न संबंधित कार्यालयाकडे, आणि कोणी निराशेचे शब्द बोलला तर तो त्याच दिवशी त्या गावातील कार्यकर्त्याकडे जावा. परभणी जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांचे दुःख ठाऊक नसलेला माणूस नाही. अशा घरातून आलेला एक शब्द दहा हजार अंगठ्यांच्या गर्दीत हरवला, तर ते साधन निकामी समजावे.

पाचवी, अनुयायांची माहिती ही ठेव मानावी. कोणाचे क्षेत्र किती, पीक कोणते, कर्ज किती, ही माहिती बियाणे विकणाऱ्याला मोलाची वाटते, मत मागणाऱ्यालाही वाटते. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. परंतु कायद्याच्या आधीही आपल्याकडे ठेवीचा धर्म होता. ज्या कामासाठी माहिती घेतली, ते काम संपले की ती विसरून जाणे हा त्या धर्माचा आजचा अर्थ होय.

या पाचही गोष्टींसाठी परदेशी कंपनीची वाट पाहण्याचे कारण नाही. तंत्र अवघड नाही. मिस्ड कॉल आहे, आवाज ओळखणाऱ्या प्रणाली आता मराठीतही चालतात, विद्यापीठ याच गावात आहे. अवघड आहे ते मागे घर उभे करणे. एका तालुक्यापासून प्रारंभ करावा. वीस गावे, प्रत्येक गावात एक कार्यकर्ता, विद्यापीठातील एक जाणकार आणि ज्याच्या शब्दाला मान आहे असा एक माणूस, एवढ्यावर येत्या मृगात प्रयोग करता येईल.

दर वर्षी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीतून गंगाखेडमार्गे पंढरीकडे जाते. त्या वाटेवर शेकडो माणसे चालतात, परंतु ती गर्दी नसते. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, विणेकरी कोण हे ठाऊक असते, आणि कोणी मागे राहिला तर त्याची विचारपूस होते. मानाची पालखी पुढे असते, तरी मागच्या म्हाताऱ्याचे पाय सुजले तर तेल लावणारा हात शेजारचाच असतो. लोकप्रिय माणसाच्या मागे आज महाजालावर जे लाखो जण चालत आहेत, त्यांची दिंडी होते की गर्दी, हे पुढे चालणाऱ्यापेक्षा वाट आखणाऱ्यांच्या हाती अधिक आहे. येत्या जूनमध्ये बियाण्याची पिशवी उघडण्यापूर्वी एखादा शेतकरी प्रश्न विचारील. त्या प्रश्नाला त्याच दिवशी, त्याच्याच बोलीत, जबाबदार माणसाचे उत्तर मिळावे, एवढे काम या सभागृहातील तरुणांनी अंगावर घ्यावे.